घमेलंभर समुद्र

भातसानगरच्या ऑफिसात मी रुजू झालो, त्या दिवशी मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर टेबलाखालचं एक घमेलं. घमेल्यात वाळू आणि वाळूत घोट्यापर्यंत रुतवलेले दोन काळेकुळकुळीत पाय. पायांचा मालक वर रजिस्टरात शांतपणे आकडे लिहीत होता. मी बघतोय हे त्याला कळलं. मान वर न करता म्हणाला, "बांधकामाची नाय ती. समुद्राची हाय. बूट काढ, तुला पण देतो."

मी काही बूट काढले नाहीत. नवी नोकरी, नवे बूट, आणि मी पहिल्यापासून तापट. असले चाळे मला खपत नाहीत. पण पुढची सहा वर्षं मी त्याच माणसाच्या शेजारच्या टेबलावर काढली, आणि सातव्या महिन्यात बूट काढले, हेही सांगून टाकतो.

शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना नाना म्हणायचे. काम एकच. धरणावरच्या मोजपट्टीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी वाचायची आणि लिहायची. तीस वर्षं वाचली. कागदोपत्री पद खलाशी, आणि पोहता मात्र येत नव्हतं! पण पाणी वाचण्यात हा माणूस देव. भर पावसात, धुक्यात, छत्री उलटी झालेली असताना लांबून आकडा सांगायचे, आणि तो चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. सवयच अशी जडली होती की जगातली प्रत्येक गोष्ट ते बोटांत मोजायचे. "चहा आज एक बोट खाली हाय." "साहेबाचा राग दोन बोटं चढलाय, फाईल उद्या ने." मी चिडलो की माझ्या गळ्याशी आडवं बोट धरून म्हणायचे, "इथपर्यंत आलंय. दरवाजे उघड थोडे." अशाने मी आणखीच चिडायचो.

नाना मूळचे मुरबाडकडचे, म्हसा गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातले. घर भातशेतीचं, जिकडे बघावं तिकडे डोंगर. समुद्राशी नातं म्हणाल तर सुक्या बोंबलापुरतं. तरी दरवर्षी थंडीत एक दिवस रजा टाकून ते एकटेच वसईच्या पलीकडे कुठल्याशा किनाऱ्यावर जायचे, दिवसभर बसायचे आणि पिशवीतून नवी वाळू घेऊन यायचे. जुनी वाळू "उतरली" म्हणून टाकून द्यायचे. वाळू कशी काय उतरते, विचारलं तर म्हणायचे, "वर्षभर माणसाच्या पायाखाली राहून बघ, तू पण उतरशील."

त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर पाच खुर्च्या होत्या. पाचही एका ओळीत, तोंडं धरणाकडे. गप्पा मारायला जाणाऱ्याने नानांकडे नाही, पाण्याकडे बघत बोलायचं. कुणी खुर्ची वळवली की नाना उठून ती सरळ करणार. एकदा साहेबांचीही केली, साहेब तिच्यात बसलेले असताना. साहेब लाल झाले. नाना म्हणाले, "समोरासमोर बसलं का माणूस दुसऱ्याच्या तोंडात चुका शोधतो. समुद्रावर बघा साहेब. हजार माणूस एकाच दिशेला तोंड करून बसतो. भांडण होतं का कुठं?"

"होतं," मी म्हणालो. "भेळेवरून होतं."

"ती भेळवाल्याकडे तोंड केलेली माणसं," नाना म्हणाले.

पण त्यांचा खरा सिद्धांत दुसराच होता. मी एकदा वैतागून विचारलं होतं की बाबांनो, एवढं काय आहे त्या खाऱ्या पाण्यात, की लोक कर्ज काढून तिथे घरं घेतात, लग्न झालं की तिथे पळतात, म्हातारपणी तिथे जाऊन बसतात? नानांनी डबा बाजूला सारला. "घरी बसलं तर आळशी. बांधावर बसलं तर शेजारी इचारतो, काय शोधतोस. देवळात बसलं तर म्हणतात, काय तरी मागायला आलाय. ऑफिसात बसलं तर साहेब वरडतो. समुद्रावर बसलेल्या माणसाला कोण इचारत नाय, का रे बाबा, काय करतोस? नुसतं बसायची परवानगी असलेली तेवढी एकच जागा हाय जगात."

मग त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. बाप भाताचा शेतकरी, कधी टेकलेला कुणी पाहिला नाही. जेवायचा तोही उकिडवा, हाक आली तर उठायला बरं म्हणून. एका वर्षी गवताचा ट्रक भरून किनाऱ्याकडच्या तबेल्यावर न्यायचा होता, तेव्हा त्याने दोन्ही पोरांना सोबत नेलं. ट्रक रिकामा होईपर्यंत तिघं समुद्रावर गेले. "आणि बाप बसला. पाय लांब करून! धाकटा मांडीवर, मी बाजूला. सूर्य बुडेपर्यंत उठला नाय. मधीच हसला. कशाला हसतो बाबा, इचारलं तर म्हणतो, काय नाय रे, बस. दुसऱ्या दिवशी घरी परत उकिडवा." मला त्या वेळी गलबलून आलं. दाखवलं नाही, डब्यातली भाजी खात राहिलो.

तो मांडीवरचा धाकटा, म्हणजे नानांचा सख्खा भाऊ, अकरा वर्षं नानांशी बोलत नव्हता.

कारण एक बैल. ढवळ्या त्याचं नाव. भावाने वासराचा मोठा केलेला. वय झालं, नांगराला उभा राहीना. भाऊ म्हणायचा, मरू दे दावणीलाच. पुढे भाऊ टायफॉइडने मुरबाडला दवाखान्यात पडला, तेव्हाच म्हशाची गुराढोरांची जत्रा आली, आणि नानांनी मोठेपणाच्या तोऱ्यात ढवळ्याला बाजारात नेऊन विकलं. घरी सांगितलं, टोकावड्याकडच्या एका चांगल्या शेतकऱ्याला दिलाय, सांभाळील तो. भाऊ बरा होऊन आला, रिकामी दावण बघितली, आणि त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. अंगात ताकद आल्यावर टोकावड्याकडची गावं पायाने पालथी घातली म्हणतात. बैल सापडला नाही. नानांना त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

इतकी वर्षं नानांनी हे रेटलं, कारण त्यांना सरकारी क्वार्टर होतं. आता मे महिन्यात निवृत्ती. क्वार्टर सोडायचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. राहायचं म्हटलं तर गावचं ते एकच घर, आणि त्यात तो भाऊ. "हक्काने जाऊन ऱ्हाईन, कोण अडवतो," असं चारचौघांत म्हणायचे, पण एकदा माझ्याजवळ बोलून गेले, "जो माणूस माझ्याशी बोलत नाय त्याच्या चुलीवरची भाकरी गळ्याखाली कशी उतरवू रे?" तेव्हापासून घमेल्यातले पाय हलायला लागले. रजिस्टरात खाडाखोड दिसायला लागली. नानांच्या रजिस्टरात खाडाखोड! मला धसकाच बसला.

शेवटी त्यांनी उपाय काढला, अर्थातच समुद्र. "एका ओळीत बसलो का तो बोलणार. बाप बसला तसं बसायचं. तू फक्त त्याला जीपमध्ये घाल."

मी म्हणालो, वेड लागलंय तुम्हाला. आणि पुढच्याच रविवारी गेलो म्हशाकडे, जीप घेऊन. भावाची बायको, वहिनी, आमच्या कटात होती. भाऊंचा गुडघा धरलेला होता. मी सांगितलं, समुद्राच्या पाण्यात भिजवला की मोकळा होतो, आमच्या ऑफिसातल्या दोघांचा झाला. खोटं बोललो, सरळ. भाऊ टोपी घालून मागच्या सीटवर बसले, आणि पुढच्या सीटवरची मफलर गुंडाळलेली मान त्यांनी ओळखली. अकरा वर्षं झाली म्हणून भाऊ भावाची मान विसरतो का? उतरायला निघाले. वहिनीने बाहेरून दार लावलं आणि म्हणाली, "गप बसा. येताना सुकट आणा."

तीन तास जीपमध्ये कुणी बोललं नाही. ड्रायव्हरने एकदा गाणी लावली, मी बंद करायला लावली. थंडीचे दिवस, आणि मला घाम फुटलेला.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी पार आत गेलेलं. दीडशे पावलांवर एक मोठा खडक, मध्ये ओली घट्ट वाळू, आणि खडकाच्या अलीकडे एक खोलगट पट्टा, त्यात जेमतेम घोटाभर पाणी. नाना पुढे, भाऊ गुडघ्यासाठी पाण्यातून पाय ओढत मागे, मी मध्ये पहारेकऱ्यासारखा. ड्रायव्हर जीपमध्ये झोपला. खडकावर चढल्यावर नानांनी पहिलं काम काय केलं असेल? पिशवीतून बांबूची काठी काढली. तिच्यावर चाकूने बोटाबोटाच्या खुणा केलेल्या. ती समुद्राकडच्या बाजूला फटीत ठोकली, पाणी बघितलं, घड्याळ बघितलं, डायरीत लिहिलं.

मग आम्ही बसलो. एका ओळीत, तोंडं समुद्राकडे.

अर्ध्या तासाने नाना वाकून काठी वाचून आले. "चार बोटं चढलं. म्हणजे तासाला आठ. खडक माणूसभर उंच. संध्याकाळपर्यंत काळजी नाय."

मी मान डोलावली. मीही धरणावरचाच. आमचं पाणी तसंच चढतं. दोनदा वाचायचं, वेग काढायचा आणि गुणाकार करायचा. समुद्र पहिला तास सावकाश चढतो आणि मधल्या तासांत धावत सुटतो, हे आम्हाला कोण सांगणार? तिथल्या शेंबड्या पोराला ते ठाऊक होतं. आमच्याकडे तीस वर्षांचं रजिस्टर होतं ना, त्याची घमेंड!

तासभर गेला. भाऊंनी टोपी काढली. आणखी थोड्या वेळाने त्यांनी दुखरा पाय लांब केला, मग दुसरा. नानांनी मला कोपराने ढोसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इकडे कान लावून बसलेलो, आता बोलेल, आत्ता बोलेल. वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज इतका की काही ऐकू येऊ नये. नानांनी सहज मागे वळून बघितलं. लांब किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी एक बाई दोन्ही हात वर करून हलवत होती. नानांनीही हात हलवला. "बघ," मला म्हणाले, "समुद्रावरची माणसं किती मायाळू." आणि परत तोंड पुढे करून बसले.

मी कशासाठी मागे वळलो ते आता आठवत नाही. वळलो तर वाळूच नव्हती. तो खोलगट पट्टा भरून, रुंदावून, थेट किनाऱ्यापर्यंत गढूळ पाणी पसरलं होतं, आणि ते बाजूने जोरात ओढत होतं. ती बाई अजून हात हलवत होती, आता पाण्यात उतरून. ती बिचारी कधीपासून बोंबलत होती.

"नाना, उठा!"

नाना वळले. बघितलं. आणि हा माणूस काय म्हणाला सांगू? "असं होणार नाय. काठीवर वाच." मी पुढे वाकून बघितलं तर काठीच नव्हती. काठीचं टोकसुद्धा नव्हतं. मी त्यांना पकडून ते दाखवलं. नाना मटकन खाली बसले. "माझं रीडिंग चुकलं," एवढंच म्हणाले. आणि मग, "तुमी दोघं जा. मी नाय उतरत."

"उतरत नाही म्हणजे? डोकं फिरलंय का?" मी ओरडलो, शिव्यासुद्धा दिल्या, वडिलांच्या वयाच्या माणसाला. हात धरून ओढलं तर त्यांनी खडकाला मिठी मारली. पाणी आमच्या खाली फूटभरावर आलं होतं. मलाही पोहता येत नव्हतं. मला माझी आई दिसायला लागली.

तेवढ्यात भाऊ उठले. टोपी खिशात घातली, नानांच्या समोर येऊन उकिडवे बसले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"ढवळ्या कोणाला दिलास?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भाऊंनी परत विचारलं, हळू नाही, मोठ्याने, लाटेच्या वर आवाज काढून. "टोकावड्याला नाय. मी घर घर फिरलोय. खरं सांग. कोणाला दिलास?"

"भाऊ, आधी उतरू या," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

नाना पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ट्रकवाल्याला. बाजारात ट्रक घेऊन आलेला. नाव इचारलं नाय मी. ट्रकमध्ये वीस-बावीस जनावरं होती. ढवळ्या चढत नव्हता. मीच मागनं रेटला."

भाऊंनी त्यांच्या थोबाडीत मारली, सणसणीत. टोपी घालून, धोतर नेसून वावरणारा साधा शेतकरी, आणि मोठ्या भावाला मारलं. नानांनी गालाला हातही लावला नाही. भाऊ रडत होते, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलासारखे. आणि रडता रडताच त्यांनी नानांची कॉलर धरली, वर उचललं, माझ्याकडे बघून म्हणाले, "तू याचा पट्टा धर. पाय उचलायचा नाय, घासत टाकायचा. पाण्याशी भांडायचं नाय, तिरकं जायचं."

हा माणूस दर पावसाळ्यात भरलेला ओढा जनावरं घेऊन उतरत आलेला. आम्ही पाणी वाचणारे, तो पाण्यातून जाणारा. आम्ही उतरलो. कमरेला लागलं, मग छातीला. एकदा माझ्या पायाखालची वाळू सुटली, खारं पाणी नाकातोंडात गेलं, मी नानांचा पट्टा काही सोडला नाही. नाना भाऊंच्या मुठीत लोंबकळत होते आणि भाऊ पुढे सरकत होते, दुखऱ्या गुडघ्याने, तोंडाने जनावरांना करतात तसा आवाज करत. समोर ती बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हाताने दाखवत होती, डावीकडे, डावीकडे या. तिकडे वाळू उंच होती. पाणी कमरेखाली उतरलं तेव्हा मला हसू यायला लागलं आणि थांबेना.

बाईने आम्हाला वाळूवर बसू दिलं आणि मग जी सुरुवात केली! "कुठचे रे तुमी? किती वेळ बोंबलते मी, आणि हा म्हातारा हात हालवतो मला! नोकरी कसली करता?" मी म्हणालो, धरणावर असतो, पाण्याची पातळी बघतो. तिने कपाळावर हात मारला आणि चहा करायला गेली.

परतीच्या वाटेवर पुन्हा तीन तास शांतता. भाऊ पुन्हा मागच्या सीटवर. नाना पुढे, अंगावर ड्रायव्हरची चादर, चपला समुद्रात गेलेल्या. मला वाटलं, संपलं सगळं. त्या एका उत्तराने होतं तेवढंही नातं तोडलं. मला नानांचा संताप येत होता आणि दयाही. खोटं बोलून अकरा वर्षं काढली होती, अजून पाच मिनिटं काढली असती तर काय बिघडलं असतं, असंही एकदा मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

भाऊंच्या गावच्या फाट्यावर जीप थांबली तेव्हा दिवस मावळायला आला होता. भाऊ उतरले, चालू लागले. दहा पावलं गेले असतील. परत आले, नानांच्या खिडकीशी उभे राहिले.

"सरकारी खोली कधी सोडायची?"

"मे महिन्यात," नाना म्हणाले.

"घरात नाय घेणार मी तुला." भाऊंनी खिडकीवर हात ठेवला. "गोठ्यात ढवळ्याची जागा हाय. तिथं मी दुसरं जनावर बांधलं नाय. तिथं खाट टाकून देतो. त्या जागेवर झोपायचं, रोज."

माझं डोकंच सटकलं. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला गोठ्यात? मी दार उघडून उतरणारच होतो, तर नानांनी माझा दंड घट्ट धरला.

"चालंल," ते भावाला म्हणाले.

भाऊ वळले आणि गावाच्या रस्त्याला लागले. नानांनी चादर घडी करून सीटवर ठेवली आणि जीपमधून खाली उतरले.

"अहो, आत्ता कुठं? मे महिना म्हणालात ना!" मी ओरडलो. "उद्या सकाळचं रीडिंग कोण घेणार?"

"तू घे," नाना म्हणाले, आणि अनवाणी, ओल्या कपड्यांनी भावाच्या मागे चालायला लागले. भाऊंनी वळून बघितलं नाही. पण अनवाणी माणसालाही मागून गाठता येऊ नये इतकं भरभर काही ते चालत नव्हते.